संगणक मधेच बंद का पडतो?

बैलगाडीला नवा, दांडगा बैल जुंपला आणि जू मात्र जुनेच ठेवले, तर काय होते? रिकामी गाडी चालते. सपाट वाटेवरही चालते. पण धानाची पोती लादली आणि चढ लागला, की जू कडकन मोडते. बैल वाईट नसतो. गाडीही वाईट नसते. नव्या बैलाचा जोर जुन्या जुवाला पेलत नाही, एवढेच.

संगणकाचेही असेच होते. संगणक म्हणजे कॉम्प्युटर. जुन्या संगणकात नवा, जास्त ताकदीचा भाग बसवतात. साधे काम करताना तो चालतो. जड काम लावले, की फट्‌कन बंद पडतो. मग घरचे लोक घाबरतात. कोणी म्हणतो, भाग खोटा निघाला. कोणी म्हणतो, सगळाच संगणक गेला. अशा वेळी पैसा वाया जातो. तो वाया जाऊ नये, म्हणून हा धडा.

आता गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या जंगलपट्टीतही संगणक आले आहेत. सात-बारा, जातीचा दाखला, पीक विमा, मुलांची शिष्यवृत्ती, ही सारी कामे त्यावर होतात. तरुण मुले त्यावर खेळही खेळतात. हे खेळ म्हणजे पैसे लावून खेळायचा जुगार नव्हे. पडद्यावर मोटारी धावतात, लढाया होतात, असे ते चित्रांचे खेळ. अशा खेळाला फार ताकदीचा संगणक लागतो. त्याला गेमिंग कॉम्प्युटर म्हणतात. लग्नाची किंवा नाटकाची चलचित्रे जोडायलाही असाच संगणक उपयोगी पडतो.

पेटीत काय असते?

पडद्याशेजारी जी पत्र्याची पेटी असते, तिला आपल्याकडे सगळेच 'सीपीयू' म्हणतात. खरे म्हणजे सीपीयू हा त्या पेटीतला एक लहानसा भाग आहे. पेटीचे झाकण काढले, तर आत एक कुटुंबच दिसते.

घराचा कर्ता असतो, तसा प्रोसेसर. हिशेब तो करतो, हुकूम तो सोडतो. हाच खरा सीपीयू.

मदरबोर्ड म्हणजे घरची ओसरी. सगळे भाग तिच्यावर बसतात आणि एकमेकांशी बोलतात.

रॅम म्हणजे पाटी. काम चालू असते तोवर तिच्यावर लिहायचे. संगणक बंद झाला, की पाटी कोरी.

हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे धानाची ढोली. तिच्यात ठेवलेला माल लाइन गेली तरी राहतो.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे चितारी. पडद्यावरची चित्रे तो काढतो. खेळात दर सेकंदाला ६० चित्रे काढावी लागतात. कधी त्याहून जास्त. म्हणून हा चितारी खातोही फार.

आणि या सगळ्यांना जेवू घालतो तो एसएमपीएस. भिंतीतल्या बोर्डातून २३० व्होल्टची वीज येते. ती आतल्या नाजूक भागांना सोसत नाही. एसएमपीएस तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो आणि ज्याला जशी लागेल तशी वाढतो.

घरात खाणारे तोंड वाढले आणि रांधायचे भांडे तेवढेच राहिले, तर कोणीतरी उपाशी राहणार. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती कामी येईल.

एका घरची गोष्ट

वैनगंगेकाठच्या एका गावात आमच्या ओळखीचे घर आहे. घरचा मुलगा शिकलेला. तो दिवसा लोकांचे अर्ज भरून देतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज, म्हणजे आपले वडसा, हे या नाटक मंडळ्यांचे मोठे ठाणे. हा मुलगा नाटकांची जाहिरातपत्रके करतो आणि चलचित्रे जोडून देतो. रात्री घटकाभर गेम खेळतो.

काम वाढले, तसा संगणक अपुरा पडू लागला. धानाचा चुकारा आला, तेव्हा बापाने त्यातले पैसे मुलाच्या हाती दिले. मुलाने नवे ग्राफिक्स कार्ड आणले. एक नवी रॅमही आणली. दोन्ही एकाच दिवशी बसवली.

संगणक सुरू झाला. पत्र लिहिले, चालला. गाणे लावले, चालले. गेम लावला आणि दहा मिनिटांत सारे बंद. दिवा विझावा तसे. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच. नाटकाचे काम जोडायला घेतले, तर तेही अर्ध्यावर गेले.

मुलगा एका दुकानात गेला. तिथे सांगितले, कार्ड खराब आहे. दुसऱ्या दुकानात गेला. तिथे सांगितले, मदरबोर्ड गेला, सगळेच नवे घ्या. दोन्ही ठिकाणी कोणी पेटी उघडून पाहिली नाही. बाप चिडला. म्हणाला, "इकून टाक ते डबडं. अर्ध्या बांधीचा पैसा मातीत गेला."

मुलाची आई चुलीपाशी बसली होती. तिने संगणक कधी चालवला नाही. ती म्हणाली, "जुना होता तवा चालत होता ना? मंग जुनाच लावून पाय ना बापू. काहून बंद पडते ते तवाच समजंल."

शंभर पुस्तकांचे सार त्या माउलीने एका वाक्यात सांगितले. बिघाड शोधायची पहिली पायरी हीच आहे.

शोधायची रीत

बिघाड शोधणे म्हणजे अंदाज बांधणे नव्हे. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय काढा देत नाही. बांधीतले पाणी कमी झाले, तर आपण बांधावरून फिरतो, कुठे फुटले ते पाहतो. मगच फावडे चालवतो. संगणकाचेही तसेच करावे.

पहिला नियम: बिघाड कधीपासून सुरू झाला आणि त्या दिवशी काय बदलले, ते आठवा.

दुसरा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

तिसरा नियम: जे पाहिले ते वहीत लिहा. तारीख, वेळ, काय चालू होते, किती मिनिटांनी बंद पडले. तुम्ही लिहायला शिकलात, ती विद्या इथे उपयोगी पडते. आठवण फसवते, वही फसवत नाही.

मोठमोठे शास्त्रज्ञही हीच रीत पाळतात. १९४७ सालच्या सप्टेंबर महिन्यातली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा 'मार्क टू' नावाचा खोलीएवढा मोठा संगणक चुकू लागला. लोकांनी एकेक भाग तपासला. एका भागात पतंग अडकून मेलेला सापडला. आपल्याकडे पावसाळ्यात दिव्यावर येतात, तसला किडा. त्यांनी तो काढला, नोंदवहीत चिकटवला आणि खाली काय झाले ते लिहून ठेवले. ते पान अजून तिथल्या संग्रहालयात जपलेले आहे. संगणकातल्या दोषाला इंग्रजीत 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. हा शब्द त्याआधीही यंत्राच्या दोषासाठी वापरत. पण खराच किडा सापडल्याची ही नोंद फार प्रसिद्ध झाली.

कसा बंद पडतो, ते पाहा

ताप थंडी वाजून येतो, की घाम येऊन, यावरून वैद्य रोग ओळखतो. संगणक कसा बंद पडतो, त्यावरूनही बरेच कळते.

एक: जड काम लावताच किंवा थोड्या वेळात दिवा विझावा तसा बंद पडतो. पडद्यावर काही लिहून येत नाही. तर संशय विजेवर घ्यावा. एसएमपीएस, यूपीएस, वायर आणि घरातली लाइन पाहावी.

दोन: अर्धा-पाऊण तास नीट चालतो, पंख्याचा आवाज वाढत जातो, आणि मग मंद होतो किंवा बंद पडतो. तर संशय उष्णतेवर.

तीन: पडदा निळा होतो, काही नव्या आवृत्तींत काळा होतो, आणि त्यावर इंग्रजी अक्षरे येतात. तर संशय रॅमवर किंवा ड्रायव्हरवर. ती अक्षरे वहीत उतरून घ्यावी, किंवा मोबाइलने फोटो काढावा.

चार: गेम तेवढा बंद होतो, बाकी संगणक चालूच राहतो. तर आधी ड्रायव्हर पाहावा.

पाच: मुळी सुरूच होत नाही, नुसता टीं टीं वाजतो. तर बहुधा रॅम किंवा कार्ड नीट बसलेले नाही.

हे नुसते संशय आहेत. निकाल नव्हे. निकाल तपासणीनंतर.

हात लावण्यापूर्वी

पेटी उघडण्याआधी संगणक बंद करा. मग बोर्डातून वायरच काढून घ्या. नुसते बटण बंद करून भागत नाही. थोडा वेळ थांबा. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावा. म्हणजे अंगात साठलेली बारीक वीज निघून जाते. ती वीज आपल्याला कळत नाही, पण नाजूक भाग तिने मरतो.

एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या पोटात वीज साठून राहते. ती जिवावर बेतू शकते. तो बिघडला, तर अख्खा बदलायचा असतो.

आणि पेटी उघडण्याआधी आपली महत्त्वाची कागदपत्रे आणि कामे पेनड्राइव्हवर उतरून ठेवा. घर शाकारण्याआधी आपण सामान बाहेर काढतो ना? तसेच हे.

त्या घरी काय सापडले?

मुलाने आईचे ऐकले. नवे कार्ड काढून जुने बसवले. नवी रॅम तशीच ठेवली. दोन दिवस संगणक चालला. एकदाही बंद पडला नाही. म्हणजे नवी रॅम निर्दोष ठरली. मदरबोर्डही निर्दोष ठरला. दुसऱ्या दुकानदाराचे ऐकले असते, तर चांगला मदरबोर्ड फेकावा लागला असता.

मग पुन्हा नवे कार्ड बसवले. खटका वाजेपर्यंत नीट दाबले. वायर पूर्ण आत गेली की नाही, ते पाहिले. गेम लावला. संगणक पुन्हा बंद. पण या वेळी त्याने कान दिला होता. बंद पडण्याआधी यूपीएस ओरडत होता.

यूपीएस म्हणजे लाइन गेली तर थोडा वेळ वीज देणारा डबा. त्याच्यावर लिहिले होते ६०० व्हीए. अशा डब्यातून साधारण ३६० वॅटच वीज मिळते. तेवढ्यापेक्षा जास्त मागितली, की तो ओरडतो आणि हात वर करतो. म्हणून मुलाने यूपीएस बाजूला ठेवला आणि संगणक थेट भिंतीच्या बोर्डाला लावला. ओरडणे थांबले. गेम दहाच्या जागी वीस मिनिटे चालला. पण शेवटी बंद पडलाच. म्हणजे यूपीएस अपुरा होता हे खरे, पण आणखीही कोणी अपुरे होते.

आता राहिला एसएमपीएस. त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहिले होते ४५० वॅट. मुलगा म्हणाला, "गुरुजी, साडेचारशे तं आहेत ना जी. मंग कमी काहून पडते?"

आम्ही त्याला खालची बारीक अक्षरे वाचायला लावली. तिथे १२ व्होल्टच्या रकान्यात २५ अँपिअर असे लिहिले होते. कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः याच १२ व्होल्टच्या धारेवर जगतात. गणित सोपे आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ गुणिले २५ म्हणजे ३००. मोठ्या अक्षरात ४५०, पण कामाचे ३००!

आता खाणारी तोंडे मोजू. जुने कार्ड एनव्हिडियाचे १०५० टीआय होते. ते ७५ वॅट खाते. नवे कार्ड ३०६०. ते १७० वॅट खाते. प्रोसेसर जड कामात सुमारे ९० वॅट घेतो. पंखे, डिस्क, रॅम आणि बोर्ड मिळून सुमारे ५० वॅट धरू.

जुना हिशेब: ७५, ९० आणि ५०. बेरीज २१५. तीनशेच्या आत.

नवा हिशेब: १७०, ९० आणि ५०. बेरीज ३१०. तीनशेच्या वर.

शिवाय ग्राफिक्स कार्ड मधेच क्षणभर आपल्या नेमापेक्षा बरीच जास्त वीज ओढते. रोवणीच्या दिवसांत मजूर एकदमच भुकेला होतो, तसे. त्या क्षणी एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. म्हणजे तो बंद पडत होता, हा त्याचा दोष नव्हता. बंद पडला नसता, तर जळला असता.

पत्र लिहिताना संगणक का चालत होता, तेही आता उमगले असेल. त्या वेळी चितारी बसून असतो. सगळ्यांचे मिळून शंभर वॅटही लागत नाहीत.

हे कार्ड बनवणाऱ्या कंपनीनेच त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगितलेला आहे. ते डब्यावर वाचून घ्यायला हवे होते. मुलाने वडशाच्या एका मिस्त्रीकडून ६५० वॅटचा एसएमपीएस एका दिवसासाठी मागून आणला. लावून पाहिला. चार तास गेम चालला. मग तेवढा एकच भाग विकत घेतला. नाटकाचे काम वेळेत गेले. डबडे इकायची पाळी आली नाही.

भाग विकत घेण्याआधी मागून आणून लावून पाहणे, ही फार चांगली रीत आहे.

ऊन आणि धूळ

चैत्र लागला आणि संगणक पुन्हा बंद पडू लागला. बाप म्हणाला, "पुन्हा तेच!" पण ते तेच नव्हते. वही काढून पाहिली. आधी वीस मिनिटांत बंद पडायचा. आता चाळीस-पन्नास मिनिटे लागत. आधी एकदम जायचा, आता आधी मंद व्हायचा. लक्षण निराळे, म्हणून रोगही निराळा.

खोलीवर टिनाचे छप्पर होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे कोणाला सांगायला नको. संगणकाचा पंखा खोलीतलीच हवा आत घेतो. हवाच तापलेली असेल, तर तो गार काय करणार? समजा, २८ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ अंशांपर्यंत तापतो. म्हणजे खोलीपेक्षा ४७ अंश जास्त. आता खोलीच ४५ अंश झाली, तर तो ९२ अंशांवर जाणार. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आधी आपला वेग कमी करतात. तरी उष्णता उतरली नाही, तर संगणक बंद होतो. त्यातून नवे कार्ड जुन्यापेक्षा जास्त वीज खाते. खाल्लेली सारी वीज शेवटी उष्णताच होते.

पेटी उघडली, तर पंख्यांवर धुळीची गोधडीच बसली होती. मऊ ब्रशने ती झाडली. झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले. पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. खेळाची वेळ दुपारची काढून रात्री केली. संगणक पुन्हा नीट चालू लागला. याला खर्च काहीच आला नाही.

उष्णतेचा संशय खरा की खोटा, हे पाहायची सोपी युक्ती आहे. पेटीचे बाजूचे झाकण काढा आणि टेबलफॅनचे वारे आत सोडा. मग जास्त वेळ चालला, तर रोग उष्णतेचाच. मात्र हा उपाय नव्हे, ही नुसती परीक्षा आहे. झाकण कायमचे उघडे ठेवले, तर धूळ, पाली आणि झुरळे आत जातात.

उष्णता हा संगणकाचा जुना वैरी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशातल्या लोकांनी 'टिफ्रॅक' नावाचा संगणक बांधला. तो १९६० साली काम करू लागला. त्यात जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या हजारो नळ्या होत्या. त्या दिव्यासारख्या तापत. म्हणून असल्या संगणकाची खोली गार ठेवावी लागे. आता नळ्या गेल्या, पण उष्णता राहिली.

रॅम आणि ड्रायव्हर

त्या घरी रॅम निर्दोष निघाली. पण सगळीकडे तसे होईलच असे नाही. जुनी आणि नवी रॅम वेगवेगळ्या वेगाच्या असल्या, तर कधी कधी त्यांचे पटत नाही. एक बैल पळणारा आणि एक रेंगाळणारा असावा, तसे होते. अशा वेळी एकच रॅम ठेवून एक दिवस चालवा. मग दुसरी ठेवून चालवा. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नॉस्टिक' नावाची रॅमची तपासणी आयतीच असते. ती रात्री लावून ठेवावी. काही रॅमना वेग वाढवायची 'एक्सएमपी' नावाची सोय असते. ती बंद करून पाहावी. वेग थोडा कमी होतो, पण पुष्कळदा बंद पडणे थांबते.

ड्रायव्हर म्हणजे गाडीवान. प्रत्येक भागाला चालवणारा एक लहानसा कार्यक्रम संगणकात असतो. बैल बदलला आणि गाडीवान जुन्या बैलाच्याच सवयीने हाकू लागला, तर गाडी बांधात जाते. म्हणून नवे कार्ड बसवल्यावर जुना ड्रायव्हर काढून टाकावा. नवा ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच ठिकाणाहून घ्यावा. भलत्या ठिकाणाहून फुकट मिळतो म्हणून घेऊ नये. त्यातून चोर घरात शिरतो.

मदरबोर्डच्या पोटात 'बायोस' नावाचा मूळ कार्यक्रम असतो. तो नवा करायचा असेल, तर लाइन जाणार नाही अशीच वेळ पाहावी. मधेच लाइन गेली, तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

दोष कधी कधी मालाचाच असतो

सगळे तपासून झाले, तरी संगणक बंद पडतो. मग दोष खरोखर मालात असू शकतो. मोठ्या कंपन्यांचा मालही सदोष निघतो.

२०२२ साली एनव्हिडियाचे '४०९०' नावाचे फार ताकदीचे कार्ड आले. ते ४५० वॅट खाते. थोड्याच दिवसांत काही लोकांच्या कार्डाची विजेची जोडणी वितळली. वायर पूर्ण आत न बसणे, हे त्याचे एक कारण निघाले. म्हणून खटका वाजेपर्यंत वायर दाबा, असे आम्ही वर म्हटले.

पुढे इंटेल कंपनीच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही प्रोसेसरांबद्दल जगभरातून तक्रारी आल्या. खेळ खेळताना ते कोलमडत. लोकांनी कार्ड बदलले, रॅम बदलली, तरी गुण येईना. शेवटी २०२४ सालच्या जुलै महिन्यात कंपनीने मान्य केले, की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये त्यावर दुरुस्ती दिली आणि हमीची मुदत २ वर्षांनी वाढवली. पण जो प्रोसेसर आधीच झिजला, तो दुरुस्तीने बरा होत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो. अशा वेळी ज्याच्याजवळ पावती असते, त्याचेच म्हणणे ऐकले जाते.

म्हणून पक्की पावती घ्या. पावतीवर भागाचे नाव, नंबर आणि तारीख लिहून घ्या. ती डब्यासकट जपून ठेवा. दुकानदार हमी असून ऐकत नसेल, तर १९१५ या नंबरवर ग्राहक मदत केंद्राला फोन करता येतो. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. २०१९ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्याने हा हक्क दिलेला आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी पडत नाही. तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. तिथे तुमची वहीही उपयोगी पडते. कोणत्या तारखेला काय झाले, हे तिच्यात लिहिलेले असते.

घरची लाइन

एक शेवटची गोष्ट. पेटीतले सगळे ठीक असते, पण घरची लाइनच कमीजास्त होते. सायंकाळी सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या, की दिवे मंद होतात. त्याच वेळी संगणक बंद पडतो का, ते वहीत पाहा. तसे असेल, तर संगणक दुसऱ्याच्या घरी नेऊन चालवून पाहा. तिथे चालला, तर दोष तुमच्या लाइनचा. वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्या. पेटीच्या पत्र्याला हात लावला, की मुंग्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे समजावे. असा संगणक वापरू नये. ओल्या हाताने तर त्याला शिवूच नये. आपल्याकडे विजाही फार पडतात. आभाळ गडगडू लागले, की वायर बोर्डातून काढून ठेवावी.

हे ध्यानात ठेवा

नवा भाग घेण्याआधी तो किती वॅट खातो, ते विचारा. एसएमपीएसवरचे १२ व्होल्टचे अँपिअर वाचा आणि गुणाकार करा.

एका दिवशी एकच भाग बदला.

बंद पडला, तर आधी जुना भाग लावून पाहा.

केव्हा आणि कसा बंद पडला, ते वहीत लिहा.

वायर काढल्याशिवाय पेटी उघडू नका. एसएमपीएस कधीच उघडू नका.

धूळ झाडा, हवा खेळती ठेवा.

पावती जपा.

आणि जो पेटी न उघडताच 'सगळे नवे घ्या' म्हणतो, त्याला एवढेच विचारा: "काहून जी? कोणता भाग गेला, ते दाखवा." जाणता मिस्त्री आनंदाने दाखवील. जो दाखवणार नाही, त्याच्या हाती धानाचा पैसा देऊ नका.